फुंकर आपली, सूरही आपला : क्लॅरिनेटचा माउथपीस निवडताना

आपल्या निवासी शाळेच्या बँडपथकाशी या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांचा काही ना काही संबंध आलेला आहे. कोणी त्यात वाजवले, कोणी त्याच्या तालावर संचलन केले, तर कोणी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या पाल्याला पांढऱ्या गणवेशात पाहून डोळे पुसले. मी इतिहासाचा शिक्षक. संगीताचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही पथकाची जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे राहिली आणि त्या काळात एक चूक माझ्या हातून घडली. त्या चुकीची कबुली देण्यासाठी, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून घडू नये यासाठी, हा लेख लिहीत आहे.

सहावीतील एक मुलगा क्लॅरिनेट शिकत होता. ऊसतोडणी कामगाराचे लेकरू. चिवट आणि अबोल. इतर मुले पंधरा दिवसांत सरळ सूर काढू लागली, पण याचे वाद्य चिरकत असे. खालचे सूर तर निघतच नसत. गाल फुगवून, चेहरा लाल होईपर्यंत तो फुंकायचा. तीन महिन्यांनी मी त्याला म्हणालो, "बाळा, तुझ्यात दम कमी पडतो," आणि त्याच्या हाती झांजा दिल्या. त्याने त्या निमूटपणे घेतल्या. दोन वर्षांनी माजी विद्यार्थी मेळाव्याला आपलाच एक विद्यार्थी आला. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून घर चालवतो. कपाटातले ते वाद्य त्याने हाती घेतले, माउथपीस वेगळा केला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "सर, याच्या टोकाचा टवका उडालाय. यावर कोणीही वाजवू शकणार नाही." त्याने स्वतःचा माउथपीस त्याच वाद्याला लावला आणि त्या मुलाला बोलावून घेतले. खालचा, सर्वांत जड सूर पहिल्याच फुंकरीत निघाला. सारी खोली भरून गेली. माझी मान मात्र खाली गेली.

दोष साधनात होता. तो मी मुलाच्या माथी मारला होता. ज्या समाजाला शतकानुशतके "यांच्यात ती कुवतच नाही" असे ऐकवले गेले, त्याच समाजातला शिक्षक असून मी हे केले. कारण न शोधता निवाडा दिला. त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. वाचले, वादकांना विचारले, मुलांबरोबर प्रयोग केले. त्यातून जे हाती आले ते पुढे मांडतो.

वाद्याचा थोडा इतिहास

क्लॅरिनेटचा जन्म जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात इ. स. १७०० च्या सुमारास झाला. योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्य बनवणाऱ्या कारागिराला त्याचे श्रेय दिले जाते. आरंभी रीड वरच्या ओठाला लागेल अशा रीतीने वाद्य धरणारे वादक पुष्कळ होते. रीड खालच्या ओठावर ठेवण्याची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली. त्याच शतकात पॅरिसमध्ये क्लोझे या वादकाने आणि ब्यूफे या कारागिराने चाव्यांची नवी रचना सिद्ध केली. तिला बोम पद्धती म्हणतात आणि आज बहुतेक ठिकाणी तीच चालते.

भारतात हे वाद्य इंग्रजांच्या लष्करी बँडबरोबर आले. छावणीतून ते संस्थानिकांच्या बँडमध्ये, तेथून लग्नाच्या वरातीत आणि पुढे ध्वनिमुद्रिकांत पोहोचले. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या एके काळी घरोघरी ऐकल्या जात. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनीही तरुणपणी इतर वाद्यांबरोबर क्लॅरिनेट आत्मसात केले होते. याच खाँसाहेबांनी पुढे अनाथ मुलांना हाताशी धरून मैहरचे प्रसिद्ध वाद्यवृंदपथक उभे केले. निवासी शाळेच्या शिक्षकाने हे विसरू नये.

आपल्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. गावगाड्यात वाजवणे हे जातीने लादलेले काम होते. देवाची पालखी निघाली की वाजवायचे, पाटलाच्या घरचे लग्न असले की वाजवायचे, आणि ज्या देवळापुढे वाजवायचे त्याच्या पायरीला मात्र शिवायचे नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर चळवळीने जे आत्मभान दिले, त्यातून अनेक गावांत आपल्या लोकांनी हे सक्तीचे वाजवणे बंद केले आणि त्यापायी बहिष्कारही सोसला. संगीत मात्र त्यांनी सोडले नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशांमधून तेच संगीत चळवळीच्या कामी लावले. खुद्द बाबासाहेबांना व्हायोलिनची ओढ होती आणि उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. त्यांचे व्हायोलिन आजही पुण्याच्या स्मारक-संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. लादलेले वाद्य आणि निवडलेले वाद्य यांत जो फरक आहे, तोच गुलामी आणि स्वातंत्र्य यांत आहे. म्हणून आपल्या मुलाने वाद्य निवडले, तर त्याचा माउथपीसही डोळसपणे निवडला जावा, असे मला वाटते.

सूर जन्मतो कोठे?

क्लॅरिनेटचे लांब काळे नळकांडे सर्वांच्या नजरेत भरते. पण सूर जन्मतो तो वरच्या चोचीसारख्या तुकड्यात. हाच माउथपीस. त्याच्या एका बाजूला लांबट खिडकी असते. त्या बाजूच्या सपाट पाठीवर बोरूच्या जातीच्या वनस्पतीपासून तासलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, कड्याने आवळून बसवतात. या कड्याला लिगेचर म्हणतात. माउथपीसची सपाट पाठ टोकाकडे जाताना किंचित बाक घेते. त्यामुळे रीडचे टोक आणि माउथपीसचे टोक यांच्यामध्ये बारीक फट राहते. वादक फुंकतो तेव्हा हवा त्या फटीतून आत शिरते, रीड आत ओढली जाते, फट मिटू लागते, रीड पुन्हा मागे येते. ही उघडझाप सेकंदाला शेकडो वेळा होते आणि तिच्या कंपनातून नळीतील हवा बोलू लागते.

निवड करताना माउथपीसच्या पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे टोकाची फट. वादक तिला टिप ओपनिंग म्हणतात. ती साधारणतः एक ते सव्वा मिलिमीटर असते. जाझसाठी बनवलेल्या काही माउथपीसांत ती दीड मिलिमीटरच्या जवळ जाते. लिहिण्याच्या साध्या कागदाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. म्हणजे एका कागदाच्या जाडीइतक्या फरकाने संपूर्ण वाद्याचा स्वभाव पालटतो. फट लहान असेल तर हवा कमी लागते, सूर ताब्यात राहतो, पण आवाजाचा आवाका मर्यादित होतो. फट मोठी असेल तर आवाज मोठा होतो, सूर वाकवता येतो, पण ओठांवर आणि श्वासावर ताण पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बाकाची लांबी, म्हणजे फेसिंग. रीड ज्या जागी माउथपीसपासून सुटू लागते, तेथपासून टोकापर्यंतचे हे अंतर. ते आखूड असेल तर रीडचा थोडाच भाग थरथरतो. सूर चटकन निघतो, पण त्यात लवचीकपणा कमी असतो. ते लांब असेल तर रीडचा अधिक भाग मोकळा राहतो आणि सूर भरदार व वळणदार होतो.

तिसरी गोष्ट आतल्या पोकळीची. रीडच्या टोकासमोरचा आतला उतार म्हणजे बॅफल. तो उंच असेल, म्हणजे रीडच्या जवळ असेल, तर आवाज तेजस्वी आणि धारदार होतो. खोलगट असेल तर आवाज गडद आणि मऊ होतो. त्यामागील पोकळीचा आकारही आवाजावर परिणाम करतो आणि वाद्य सुरात लागते की नाही, हेही काही अंशी ठरवतो.

चौथी गोष्ट म्हणजे दोन्ही कडा आणि टोकाची धार. या कडा सारख्या आणि अखंड असल्याच पाहिजेत. आमच्या त्या माउथपीसचा टवका याच ठिकाणी उडाला होता. तेथून हवा निसटत होती आणि म्हणून वाद्य चिरकत होते.

माउथपीस कशाचा बनवला आहे, याची चर्चा दुकानात फार होते. साधे प्लास्टिकचे असतात, गंधक घालून कठीण केलेल्या रबराचे, म्हणजे एबोनाइटचे असतात, काचेचेही असतात. एबोनाइट अचूक घासता येते, म्हणून चांगले माउथपीस बहुधा त्याचेच असतात. पण नीट घडवलेला प्लास्टिकचा माउथपीस वाईट घडवलेल्या एबोनाइटपेक्षा केव्हाही बरा. द्रव्यापेक्षा घडण महत्त्वाची. मनुष्याविषयी तथागतांनी हेच सांगितले आहे.

रीडशी जोडी जमली पाहिजे

माउथपीस एकटा निवडता येत नाही. रीडवर २, २½, ३ असे आकडे असतात. आकडा वाढतो तशी रीड कडक होते. मोठ्या फटीला मऊ रीड आणि लहान फटीला कडक रीड, हा साधा नियम. मोठ्या फटीवर कडक रीड बसवली तर मुलाला छाती फुटेस्तोवर फुंकावे लागते. लहान फटीवर फार मऊ रीड बसवली तर जोराने फुंकताच ती टोकाला चिकटते आणि सूर बंद पडतो.

येथे सोण थेरांची कथा आठवते. अंगुत्तर निकायात ती आली आहे. अतिकठोर साधनेने खचलेल्या सोणांना बुद्धांनी वीणेच्या तारांविषयी विचारले. फार ताणलेली तार वाजत नाही, फार सैल सोडलेलीही वाजत नाही. सोण पूर्वाश्रमी वीणा वाजवत असत, त्यामुळे त्यांना ते तत्काळ उमगले. फट आणि रीड यांचा मेळ घालताना हीच मध्यम दृष्टी ठेवावी लागते. आणि ते मध्य प्रत्येक वादकाचे वेगळे असते, कारण प्रत्येकाचे ओठ, दात आणि श्वास वेगळे असतात.

कोणत्या वादनाला कोणता माउथपीस?

नवशिक्या मुलांसाठी एक ते १.१० मिलिमीटरची फट, मध्यम लांबीचे फेसिंग आणि २ किंवा २½ ची रीड योग्य. यामाहाचा ४ सी हा याचा सर्वपरिचित नमुना आहे. त्याची फट १.०५ मिलिमीटर असते. तो महाग नाही आणि शिकणाऱ्याला दमवत नाही. पहिली दोन वर्षे यापलीकडे जाण्याची गरज नसते.

पाश्चात्त्य अभिजात संगीत किंवा इतर वाद्यांबरोबर मिळून वाजवायचे असेल, तर आवाज एकजीव होणे महत्त्वाचे ठरते. तेथे १ ते १.१५ मिलिमीटरची फट, मध्यम ते लांब फेसिंग आणि ३ च्या आसपासची रीड चालते. पॅरिसच्या व्हँडोरेन कंपनीचा ५ आरव्ही लायर सुमारे १.१० मिलिमीटरचा, तर एम ३० सुमारे १.१५ मिलिमीटरचा असतो. दोन्ही या कामी वापरले जातात.

रस्त्यावरच्या बँडची गरज निराळी. ढोल, ताशे आणि ट्रम्पेट यांच्या गजरातून चाल ऐकू गेली पाहिजे. येथे १.२० मिलिमीटरच्या आसपासची फट आणि २½ ची रीड उपयोगी पडते. व्हँडोरेनचा बी ४५ या मापाचा आहे. परंतु एक सावधगिरी बाळगावी. दुकानात पाच मिनिटे वाजवताना मोठी फट मोहात पाडते. एप्रिलच्या उन्हात तीन तास मिरवणुकीबरोबर चालताना तीच ओठ सोलते. माझा सल्ला असा की, दहावीपर्यंतच्या मुलाला मिरवणुकीसाठीही १.१० च्या फार पुढे नेऊ नये. आवाज वाढवायचा असेल तर क्लॅरिनेटांची संख्या वाढवावी.

जाझमध्ये सूर वाकवणे, घसरवणे, खरवडणे हेच सौंदर्य मानले जाते. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या पुढच्या पिढ्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर बँडची वाद्ये आपलीशी केली आणि त्यांना स्वतःची बोली दिली. सिडनी बेशे आणि जॉनी डॉड्स हे त्या परंपरेतले थोर क्लॅरिनेटवादक. बेशेंचे रुंद, थरथरते सूर ऐकताना हे लष्करी बँडचेच वाद्य आहे, यावर विश्वास बसत नाही. अशा वादनासाठी मोठी फट, लांब फेसिंग आणि मऊ रीड लागते; व्हँडोरेनच्या ५ जेबीची फट १.४७ मिलिमीटर आहे. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्या रागसंगीतातील मींड आणि भीमगीतांच्या चालीतील लांब हेलकावे यांना थोडे जाझसारखे लवचीक साधन हवे असते. पण येथे सूर वाकवून पुन्हा नेमक्या श्रुतीवर आणून ठेवावा लागतो. अतिमोठ्या फटीवर ते कठीण जाते. म्हणून १.१५ ते १.२० मिलिमीटर, लांब फेसिंग आणि २½ ची रीड हा तोल मला योग्य वाटतो. मींडेचे अर्धे काम भोकांवरून हळूहळू सरकणाऱ्या बोटांनी करावे, सारा भार ओठांवर टाकू नये.

निवडीची परीक्षा

माउथपीस स्वस्तही मिळतात आणि फार महागही. नाव आणि किंमत पाहून घेऊ नये. केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी सांगितले ते येथेही लागू पडते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नये, स्वतः पारखावे. पारखण्याची रीत अशी :

१. स्वतःचे वाद्य, स्वतःचे लिगेचर आणि ओळखीच्या दोन-तीन रीड बरोबर न्याव्यात. एकाच वेळी सगळे बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

२. प्रथम हवाबंदपणा तपासावा. रीड ओली करून बसवावी, माउथपीसचे खालचे तोंड तळहाताने घट्ट बंद करावे आणि टोकाकडून हवा ओढून घ्यावी. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग 'टप्' आवाज करून सुटली, तर कडा आणि पाठ ठीक आहेत. लगेच सुटली तर रीड बदलून पुन्हा पाहावे. तरीही तेच झाले, तर तो माउथपीस घेऊ नये. ही परीक्षा मला आधी ठाऊक असती, तर त्या मुलाची दोन वर्षे वाया गेली नसती.

३. सर्वांत खालचा सूर अगदी हळू सुरू करून पाहावा. तो श्वासाबरोबर सहज निघाला पाहिजे.

४. खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जाऊन पाहावे. बासरी जोराने फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात निघतो. क्लॅरिनेटचे तसे नाही. मागची चावी दाबताच खालच्या 'सा'वरून वाद्य थेट वरच्या सप्तकातल्या 'प'वर उडी घेते. ही उडी धक्का न लागता पार पडली, तर माउथपीस जुळला असे समजावे.

५. मोबाइलवरील ट्यूनरने खालचे, मधले आणि वरचे सूर तपासावेत. आतली पोकळी वाद्याला अनुरूप नसेल, तर काही सूर चढे आणि काही उतरे लागतात.

६. शेवटी एखाद्या जाणकाराला वीस-पंचवीस फुटांवर पाठमोरे उभे करावे आणि कोणता माउथपीस लावला ते न सांगता वाजवावे. वादकाला स्वतःचा आवाज दातांतून आणि हाडांतून ऐकू येतो. श्रोत्याला तो हवेतून ऐकू येतो. दोघांची पसंती जुळली तरच खरेदी करावी. शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवून पाहावे.

जपणूक आणि आरोग्य

एबोनाइट गरम पाण्याने आणि उन्हाने हिरवट-तपकिरी पडते आणि वाकतेही. म्हणून ते कोमट पाण्यानेच धुवावे. आतून फडके ओढू नये. त्याने कडा झिजतात. वाजवून झाल्यावर रीड काढून पुसावी आणि टोपी घालून ठेवावे. बहुतेक टवके टोपी न घातल्यामुळेच उडतात.

प्रत्येक मुलाचा माउथपीस वेगळा असावा, असा नियम आम्ही आता केला आहे. यावर एका पालकांनी मला विचारले, "सर, आपणच शिवाशिव पाळायची का?" प्रश्न मोलाचा होता. विटाळ माणसाची जात पाहतो. आरोग्याचा नियम जंतू पाहतो आणि तो सर्वांना सारखाच लागू असतो. सरांच्या मुलालाही तोच नियम आहे, हे ऐकल्यावर त्यांचे समाधान झाले.

शेवटी

झांजा हाती दिलेला तो मुलगा आठवीत पुन्हा क्लॅरिनेटकडे वळला आणि दहावीला पथकात पहिल्या ओळीत वाजवत होता. मी त्याची सर्वांसमोर क्षमा मागितली. तो फक्त हसला आणि म्हणाला, "सर, झांजांनी ताल पक्का झाला." मनाचा हा मोठेपणा त्याचा, माझी चूक त्याने लहान होत नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेला देणगी देताना एखादा चांगला माउथपीस आणि रीडचा एक डबाही द्यावा. जे वाजवतात त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांची वाद्ये तपासून द्यावीत. आणि घरात एखादे मूल अडखळत असेल, मग ते वाद्यावर असो की गणितात, तर त्याला "तुझ्यात दम नाही" असे म्हणण्यापूर्वी त्याच्या हातातले साधन एकदा उजेडात धरून पाहावे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!